नाव तेच, वॅट निराळे

गेमिंग लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड तापते, ही तक्रार साहित्यचर्चेच्या ठिकाणी मांडावी काय, असा प्रश्न आमच्यातल्याच काहींनी विचारला. आमचे म्हणणे असे की, तापणे हे या तक्रारीचे निमित्त आहे. तिचा विषय शब्द आहे. शब्दाच्या गैरवापराबद्दल ज्यांनी प्रथम बोलायला हवे ते भाषेचे विद्यार्थी आणि अध्यापक 'यंत्राचे यंत्रवाले पाहतील' म्हणून बाजूला सरकणार असतील, तर आपण वर्गात नेमके काय शिकवतो हे एकदा तपासून पाहावे लागेल.

आधी वस्तुस्थिती. एन्व्हिडिया कंपनीचे 'आरटीएक्स ४०९०' हे ग्राफिक्स कार्ड २०२२ साली मेजावरच्या संगणकांसाठी बाजारात आले. त्यात १६,३८४ कोअर (एकाच वेळी समांतर आकडेमोड करणारे छोटे छोटे घटक), २४ जीबी स्मृती आणि ४५० वॅट विजेची भूक होती. पुढल्याच वर्षी लॅपटॉपमध्येही 'आरटीएक्स ४०९०' अवतरले. त्यात कोअर ९,७२८, स्मृती १६ जीबी आणि वीज ८० ते १५० वॅट. फार तर आणखी २५ वॅटची तात्पुरती वाढ. हा ९,७२८ चा आकडा कुठून आला? तो मेजावरच्या संगणकातील 'आरटीएक्स ४०८०' चा आकडा आहे. चिपही तीच. थोडक्यात, धाकट्याला थोरल्याचे नाव दिले आणि वर त्याचे ताट निम्म्यावर आणले. २०२५ मधल्या 'आरटीएक्स ५०९०' ची कथा याहून पुढची: मेजावर २१,७६० कोअर आणि ५७५ वॅट, लॅपटॉपमध्ये १०,४९६ कोअर आणि पुन्हा तेच दीडशे-पावणेदोनशे वॅट. आता कोअरही निम्म्याहून कमी झाले. नाव मात्र अक्षत आहे.

कंपनीच्या बाजूने सांगायचे तर अधिकृत नावापुढे 'लॅपटॉप जीपीयू' अशी दोन पदे जोडलेली असतात. ती दुकानातल्या पाटीवर नसतात, विक्रेत्याच्या तोंडी नसतात आणि मित्राला अभिमानाने सांगताना तर नसतातच.

वरच्या किमतीची यंत्रे सोडून द्या, ती घेणारे थोडे. सामान्य विद्यार्थी हप्त्यांवर घेतो ते 'आरटीएक्स ४०६०' वर्गातले यंत्र पाहू. येथे कोअरची संख्या दोन्हीकडे ३,०७२ अशी सारखीच आहे, तेवढा प्रामाणिकपणा नोंदवतो. पण लॅपटॉपमधल्या ४०६० ला वीज किती द्यायची, तर ३५ ते ११५ वॅट यांमधले काहीही, लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीनुसार. एका नावाखाली तिपटीहून अधिक अंतर! पातळ, देखण्या यंत्रातले ४०७० हे जाडजूड यंत्रातल्या ४०६० च्या मागे पडू शकते, ते याच कारणाने. ४०७० ची आणखी एक गंमत अशी की मेजावर तिची स्मृती १२ जीबी आणि लॅपटॉपमध्ये ८ जीबी असते. ही स्मृती पुढे वाढवता येत नाही.

हा घोळ पूर्वी नव्हता, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. लॅपटॉपच्या चिपच्या नावामागे 'एम' हे अक्षर लावण्याची पद्धत होती. ते एक अक्षर ग्राहकाला सावध करी. २०१६ मध्ये 'जीटीएक्स १०' मालिकेच्या वेळी ते काढून टाकले गेले, आणि त्या वेळी ते काढण्याला आधार होता: लॅपटॉपच्या १०८० मध्ये मेजावरच्या १०८० इतकेच, म्हणजे २,५६० कोअर होते. पुढे २०१७ मध्ये पातळ यंत्रांसाठी 'मॅक्स-क्यू' हा शब्द आला. अग्निबाण वर जाताना ज्या क्षणी त्याच्यावर हवेचा ताण सर्वाधिक असतो, त्याला अवकाशविज्ञानात हे नाव आहे. कमी विजेवर, कमी वेगाने चालवलेल्या चिपला अग्निबाणाच्या परमताणाचे नाव द्यावे, ही कल्पकता आम्ही मान्य करतो. तरीही त्या शब्दाने एक काम केले होते. 'मॅक्स-क्यू' लिहिले असले की समजावे, येथे काहीतरी कापलेले आहे. २०२१ च्या जानेवारीत '३०' मालिका आली तेव्हा नावातली ही खूणही गेली. मेजावरच्या ३०८० मध्ये ८,७०४ कोअर, लॅपटॉपमधल्या ३०८० मध्ये ६,१४४. मग वर्तमानपत्रांत आणि परीक्षणांत ओरड झाली, आणि निर्मात्यांनी वॅट आणि वेग यांचे आकडे संकेतस्थळावर द्यावेत, असे कंपनीने त्यांना बजावले. दिले जातात, परंतु कुठे? आठव्या टाचणीवरच्या तिसऱ्या ओळीत.

पाहा: 'एम' गेले तेव्हा वस्तू समान होती. वस्तू पुन्हा असमान झाली तेव्हा 'एम' परतले नाही. हा इतिहास म्हणजे एका प्रत्ययाच्या लोपाचा इतिहास आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाने लिहायला हवा होता.

यावर एक सुशिक्षित प्रतिवाद ऐकू येतो. भाषेत एक शब्द अनेक अर्थ वाहतो. 'आरटीएक्स ४०९०' हे एका दर्जाचे नाव आहे, विशिष्ट वस्तूचे नव्हे. लॅपटॉपमध्ये सर्वांत वरचे जे असेल ते ४०९०. म्हणजे ही लक्षणा झाली. ठीक आहे. मम्मटाने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत आणि त्या एम. ए. च्या पहिल्या वर्षाला पाठ असतात: मुख्यार्थाला बाध यावा, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध असावा, आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावे. 'गंगेवर गवळीवाडा' म्हटल्यावर प्रवाहावर वाडा उभा राहू शकत नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. म्हणूनच तो आपोआप तीराकडे वळतो. संबंध येथेही आहे. प्रयोजनही आहे, ते वाटते त्याहून अधिक रोकडे आहे. पण पहिली अट? लॅपटॉपच्या झाकणावरचे 'आरटीएक्स ४०९०' वाचणाऱ्याच्या मनात मुख्यार्थाला बाध येतच नाही, कारण ४५० वॅटची उष्णता दोन बोटे जाडीच्या पेटीत मावणार नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. तो मुख्यार्थच घेतो आणि पैसे मोजतो. ऐकणाऱ्याचे अज्ञान हीच जिच्या यशाची अट आहे, तिला कोणतीही शब्दशक्ती म्हणता येणार नाही. तिला साध्या मराठीत जे म्हणतात ते म्हणावे.

दुसरा प्रतिवाद भौतिकशास्त्राचा आहे, आणि तो आम्ही आदराने ऐकतो. लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकण्याची सोय फार थोडी असते. चिपच्या माथ्यावर थर्मल पेस्टचा थर, त्यावर तांब्याचा पत्रा, त्याला जोडलेल्या चपट्या तांब्याच्या नळ्या. या नळ्या पोकळ असतात आणि त्यांत कमी दाबाखाली चमचाभरही नसेल इतके पाणी असते. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी पुन्हा मागे येते. दुसऱ्या टोकाला पातळ पात्यांची जाळी आणि तिच्यावर फुंकणारा पंखा. एवढीच ही यंत्रणा आहे, आणि आम्हाला ती सुंदर वाटते. एखाद्या उत्तम रचलेल्या ओवीइतकी काटकसरीची. बहुतेक यंत्रांत मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या नळ्या सामाईक असतात, म्हणजे एकाचा ताप दुसऱ्याला. चिपचे तापमान ८५ ते ९० अंशांच्या आसपास गेले की ती स्वतःच आपला वेग कमी करते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. हा दोष नव्हे, तो आत्मरक्षणाचा उपाय आहे.

तेव्हा लॅपटॉपला ४५० वॅट का दिले नाहीत, असे आम्ही विचारत नाही. निसर्गनियमापुढे हट्ट चालत नाही. आम्ही विचारतो ते इतकेच, की जे देता आले नाही त्याचे नाव का दिले?

आणि निसर्गनियमाचाच आधार घ्यायचा तर तो शेवटपर्यंत घ्यावा. पंखा हवा थंड करत नाही, खोलीतली हवा तो जाळीवरून फिरवतो एवढेच. बाहेर पडणारी उष्णता ढोबळमानाने चिप आणि खोली यांच्या तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात असते. चिप ८५ अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल तर फरक ६०. आता हेच यंत्र मे महिन्यात चंद्रपूरच्या किंवा अकोल्याच्या वसतिगृहात आणा. बाहेर ४५ अंश, खोलीत ४२ धरा. फरक उरला ४३. जी यंत्रणा पुण्याच्या पावसाळ्यात १५० वॅट बाहेर टाकू शकते ती येथे तेवढ्याच पंख्यावर १०८ च्या आसपास थांबेल. पाऊण हिस्साही नाही. अनेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापरासाठी योग्य तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेले असते; म्हणजे विदर्भातला उन्हाळा हा त्या यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही. पूर्ण किंमत घेताना मात्र हा भूगोल आठवत नाही.

या ठिकाणी सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागची बाजू उचलून ठेवा, जाळीतली धूळ काढा, पेस्ट बदला. सल्ले खरे आहेत, आम्हीही देतो. धुळीने भरलेली जाळी साफ केल्याने काही अंशांचा फरक नक्की पडतो. दोन-तीन वर्षांत पेस्ट सुकते किंवा तापण्या-निवण्याच्या चक्रात कडांकडे सरकते, तेव्हा ती बदलावी. सुकत नाही, उष्णतेने किंचित मऊ होऊन जागेवर राहते, अशा प्रकारची चकतीही हल्ली मिळते. द्रवधातूच्या नादी घरच्या घरी लागू नये: त्यातले गॅलियम ॲल्युमिनियमला खाते आणि सांडले तर वीजही वाहून नेते. सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे चिपचा व्होल्टेज थोडा उतरवणे. चिप खाते ती वीज साधारणतः व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून वेग तोच ठेवून व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवता आला तर वीज जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटते. पंखा शांत होतो आणि पुष्कळदा वेग उलट वाढतो, कारण थ्रॉटलिंगची वेळ येत नाही.

पण या सल्ल्यांच्या सुरात जे गृहीतक दडलेले आहे त्याला आमचा विरोध आहे. यंत्र तापले तर तुम्ही नीट वापरत नाही. विद्यार्थ्याने स्वतःच्या पैशाने पेस्ट आणावी, मागचे झाकण उघडावे, हमी रद्द होईल की काय या धास्तीत स्क्रू मोजत बसावे, आणि ज्या वॅटची किंमत त्याने आधीच मोजली आहे ते वॅट पुन्हा मिळवावेत. याला 'देखभाल' म्हणण्याची पद्धत आहे. बरे, मालकाला तेवढे तरी मोकळेपण आहे काय? २०१९ च्या डिसेंबरात इंटेलच्या प्रोसेसरमधील व्होल्टेज बदलण्याच्या सोयीचा गैरफायदा घेता येतो असे संशोधकांनी दाखवले. 'प्लंडरव्होल्ट' हे त्याचे नाव. त्यानंतर अनेक लॅपटॉपांत मूळ आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातून ती सोयच बंद झाली. सुरक्षेचे कारण खरे होते. पण धोका समजावून सांगून मालकाला निवड देता आली असती. काही निर्मात्यांनी ती दिलीही. इतरांनी कुलूप लावले आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. प्रोसेसरचा ताप सामाईक नळ्यांतून ग्राफिक्स चिपवर येतो हे वर सांगितलेच आहे, त्यामुळे या कुलपाची किंमत तिलाही मोजावी लागते.

आता बदलण्याच्या प्रश्नाकडे येऊ. मेजावरच्या संगणकात जुने कार्ड काढून नवे बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे. लॅपटॉपमध्ये चिप मदरबोर्डला थेट डाख देऊन जोडलेली असते, तिच्या पोटाखाली शेकडो सूक्ष्म गोळ्यांनी. ती बिघडली तर सेवाकेंद्र सहसा अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगते, आणि तो आकडा ऐकून माणूस नवे यंत्र पाहू लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत चिप उचलून नव्या गोळ्यांवर बसवून देणारे कारागीर सापडतात, त्यांच्या हातांबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. परंतु कारागिराच्या कसबावर ग्राहकाचा हक्क अवलंबून असावा, ही काही व्यवस्था नव्हे.

हे अपरिहार्यच होते, असे मानायचे कारण नाही. २००४ मध्ये एन्व्हिडियानेच 'एमएक्सएम' नावाची पद्धत मांडली होती, ज्यात लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड सुटे असे. ती मागे पडली, काही अंशी उंची आणि वीजपुरवठ्याच्या खऱ्या अडचणींमुळे, काही अंशी प्रत्येक निर्मात्याने आपापले आकार काढल्यामुळे, आणि ती टिकावी यात विकणाऱ्यांपैकी कोणाचाच लाभ नसल्यामुळे. २०१९ मध्ये डेलच्या एलियनवेअरने 'एरिया-५१एम' हे यंत्र आणले. त्यातला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बदलता येईल, ही त्याची मोठी जाहिरात. पुढच्या पिढीचे भाग त्यात बसवता येत नाहीत अशी तक्रार घेऊन २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला. न्यायालयीन बाजू बाजूला ठेवून आम्ही फक्त व्याकरणाकडे पाहतो. 'बदलता येईल' हे क्रियापद भविष्यकाळी आहे, पण त्याला काळाची मर्यादा नाही, कर्माचा निर्देश नाही. काय बदलता येईल? कशाने? कधीपर्यंत? शाळेतल्या मुलाने असे वाक्य लिहिले तर आपण समासात प्रश्नचिन्ह काढतो.

उलट उदाहरणही आहे. फ्रेमवर्क या लहानशा कंपनीने २०२४ च्या आरंभी 'लॅपटॉप १६' ग्राहकांच्या हाती दिला. त्याच्या पाठीमागचा ग्राफिक्स विभाग, पंख्यांसकट, काढता येतो. प्रथम त्यात एएमडीचे 'रेडिऑन ७७००एस' होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच यंत्रासाठी एन्व्हिडियाच्या 'आरटीएक्स ५०७०' चा १०० वॅटचा विभाग जाहीर झाला. जुना काढा, नवा लावा. हे यंत्र स्वस्त नाही, सडपातळही नाही, आणि ५०७० ची स्मृती येथेही ८ जीबीच आहे. आम्ही त्याची जाहिरात करत नाही. पण 'लॅपटॉपमध्ये हे शक्यच नाही' हे वाक्य त्यानंतर कोणी उच्चारू नये. बाहेरच्या पेटीत मेजावरचे कार्ड ठेवून ते थंडरबोल्टच्या तारेने जोडण्याचा मार्गही आहे. त्यात उष्णता लॅपटॉपबाहेर राहते, मात्र त्या अरुंद बोळातून जाताना कार्डाचा बराच जोर वाया जातो.

आमच्या वाचकांपैकी काहींना अजूनही वाटत असेल की हा पोरांच्या खेळाचा विषय आहे. प्रथम, खेळाला तुच्छ लेखण्याचा अधिकार कादंबरीच्या वाचकांना तरी नाही. एके काळी कादंबरीवाचनाबद्दलही घरोघरी हेच बोलले जाई. दुसरे, ही यंत्रे केवळ खेळासाठी घेतली जात नाहीत. ॲनिमेशन, चित्रपटसंकलन, वास्तुरचना शिकणारी मुले हीच घेतात. जुन्या मराठी नियतकालिकांची छायाचित्रे काढून त्यातला मजकूर यंत्राकडून ओळखून घ्यायचा, किंवा एखादे भाषिक प्रारूप आपल्याच संगणकावर चालवून पाहायचे, तर ग्राफिक्स चिप आणि तिची स्मृती यांवाचून गाडी अडते. ८ जीबीत न मावणारे प्रारूप १२ जीबीत मावते. मराठी विभागातल्या संशोधकाने शिष्यवृत्तीच्या पैशातून '४०७०' घेतले आणि मेजावरच्या ४०७० च्या परीक्षणावर विसंबून घेतले, तर त्याचा प्रबंध कुठे अडकेल ते त्याला सहा महिन्यांनी कळेल.

त्याला आधी कोण सांगणार? मराठीतील तंत्रविषयक सदरे नव्हेत. तेथे प्रत्येक यंत्र 'दमदार' असते, प्रत्येक कार्ड 'जबरदस्त' आणि प्रत्येक पंखा 'अत्याधुनिक'. माहितीपत्रकाचे इंग्रजी विशेषण काढून मराठी विशेषण घालणे याला आम्ही लेखन मानत नाही. या सदरांत वॅट हा शब्द शोधून पाहावा. मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून परिसंवाद भरतात, पारिभाषिक कोशांवर वाद रंगतात, आणि एका विद्यार्थ्याच्या लाखभर रुपयांचा प्रश्न ज्या एका आकड्यात आहे तो आकडा मराठीत छापून येत नाही.

आमची मागणी मोठी नाही. नावाच्या शेजारी, नावाइतक्याच ठळक टंकात, ते कार्ड अर्धा तास सलग चालल्यावर किती वॅट टिकवते ते छापावे, आणि भारतात विकायचे असेल तर ४० अंशांच्या खोलीत मोजून छापावे. चिप सुटी आहे की डाख दिलेली, हे झाकणावर लिहावे. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे गुण दाखवणे सक्तीचे केले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. दुरुस्ती निर्देशांकावरील समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये विभागाकडे आला. त्यात आरंभ स्मार्टफोन आणि टॅबलेट यांपासून करावा असे सुचवले आहे. लॅपटॉपची पाळी येईल तेव्हा निर्देशांकाच्या कसोट्यांत ग्राफिक्स चिपचे गुण स्वतंत्र मोजावेत. बॅटरी निघते आणि स्मृतीची पट्टी बदलता येते, एवढ्यावर डाख दिलेल्या यंत्राला दहापैकी आठ मिळता कामा नयेत.